गावातल्या बायांनी चालवलेलं किराणा दुकान, जवायाचा रिव्ह्यू: साडेतीन स्टार

पहिलेच सांगून देतो, मी त्या गावचा जवाई आहे, म्हणून कोणी म्हणेल हा तर सासरवाडीची तारीफच करणार. पण भाऊ, मी नागपूरच्या इतवारी बाजारातल्या चार व्यापाऱ्यांचं टॅली, म्हणजे हिशेब, पाहतो, वीस वर्षं झाली, किराणा ओळीत माणूस कायच्यात कमावते अन् कायच्यात मरते हे रोज डोळ्यानं पाहून राहिलो, त्यामुळे फुकटचे पाच स्टार मी सख्ख्या साळ्यालेही देत नाही. साडेतीन दिले ते मोजून दिले. अर्धा कुठे कापला अन् एक कुठे कापला ते खाली येईलच.

गावाचं नाव लिहीत नाही, मुद्दाम. उमरेड रोडनं निघालं की फाट्यावरून आत पाच किलोमीटर, एवढंच समजा. मागं ओळखीच्या दोघांले सांगितलं होतं, तर ते पोट्टे रविवारी कार घेऊन गेले अन् जवसाची चटणी, मुगवड्या, तिखट सगळं दोन थैल्यात भरून घेऊन आले, गावातल्या लोकांले काही राहिलंच नाही, अन् बोलणी कोणी खाल्ली? मी. सासूबाई म्हणे, "तुमच्या नागपूरले काही भेटत नाही का?" दुकानालेही तसं नाव नाही. बोर्डावर काय लिहायचं यावर दोन मीटिंगा झाल्या, एकानं एका पुढाऱ्याचं नाव सुचवलं, एकीनं देवीचं, मग कोणीतरी म्हटलं बोर्डाचे पैसे काट्यात टाका. लोक "आपलं दुकान" म्हणतात, तेच चालते.

हे दुकान निघालं कसं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूले अर्थ नाही. गावात आधी एकच किराणा होता. सेठजींचे गुडघे गेले, पोरगा नागपुरात फ्लॅट घेऊन राहते, एका दिवाळीनंतर कुलूप लागलं ते लागलंच. माणसांले काही फरक नाही पडला, ते गाडीले किक मारतात अन् फाट्यावर जातात. फरक पडला बायांले. सकाळी नवऱ्याले सांगायचं, "येताना मीठ अन् चायपत्ती आणजा," तो रात्री नऊले येते अन् म्हणते, "राहूनच गेलं बाप्पा." मग दुसऱ्या दिवशी शेअर ऑटोचे जाऊन-येऊन चाळीस रुपये, मिठाचा पुडा त्याच्यापेक्षा स्वस्त. आठवडी बाजार गुरुवारी भरते, पण मीठ काय गुरुवार पाहून संपते का?

तर बचत गटाच्या बायांनी ठरवलं की आपणच दुकान टाकू, पगारी माणूस ठेवायचा नाही, पाळीपाळीनं बसायचं. मले हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो, खोटं कशाले बोलू. मी म्हटलं, वहिनी, दुकान म्हणजे हळदीकुंकू नाही, माल सडते, उंदीर खाते, लोक उधारी बुडवतात. मोठी साळावहिनी म्हणे, "हाव ना जवाई, म्हणूनच तर तुम्हाले बलावलं." बसा आता.

अन् मग त्यांनी जे केलं ते मी इतवारीतल्या मोठ्या मोठ्या व्यापाऱ्यांले करताना नाही पाहिलं. माल भरायच्या आधी महिनाभर घरोघरी सांगितलं, रिकामे पुडे फेकू नका, एका थैलीत टाकत जा. साबणाचा कागद, चायपत्तीची पुडी, बिस्किटाचा रॅपर, तेलाचं पाऊच, सगळं. महिना झाल्यावर देवळाच्या ओट्यावर सगळ्या थैल्या उलट्या केल्या अन् पोरासोरांले बसवून ढीग लावले. मी तिथं होतो. पाच रुपयेवाल्या चायपत्तीचा ढीग एवढा, अन् पाव किलोवाल्या डब्याचे सगळ्या गावातून सहा पुडे. कपड्याच्या साबणाची एकच वडी अख्ख्या गावात चालते, बाकी पाच कंपन्या असून नसल्यासारख्या. शॅम्पूची बाटली तीन घरात, पुड्या मात्र टोपलंभर. अन् मॅगीचे कागद इतके की म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या, "हे कोण खाऊन राह्यलं बाई एवढं?" सगळ्यांचे पोट्टे गप.

याच्यावरून पहिली यादी बनली. मार्केट सर्वे मार्केट सर्वे म्हणतात तो हाच, शून्य रुपयांत. नवीन दुकानदार मरते कशात माहीत आहे? जे त्याले आवडते किंवा जे सेल्समन गळ्यात मारते ते भरते अन् सहा महिने धूळ पुसत बसते. इथं पहिल्या तीन महिन्यात पडून राहिलेला माल म्हणजे फक्त एक खोका कॉर्नफ्लेक्स, अन् तो, सांगायले लाज वाटते, मी सुचवला होता.

भांडवल म्हणाल तर ६४ घरांनी ५००-५०० टाकले, झाले ३२ हजार. जागा ग्रामपंचायतीची, जुन्या वाचनालयाची खोली, १ मेच्या ग्रामसभेत ठराव घेतला, भाडं नाही पण लाइट बिल दुकानानं भरायचं. काटा, पत्र्याचे डबे, बंद पडलेल्या एका दुकानातून आणलेले जुने रॅक, यात दहा हजार गेले, उरले बावीस. आता इतवारीत बावीस हजार म्हणजे काय हो, छोटा हत्तीही नीट भरत नाही. पण तेच बरं झालं. पैसाच कमी म्हणून दर आठ दिवसानं थोडा थोडा माल आणावा लागला, माल फिरत राहिला, सहसा काही जुनं झालं नाही.

कागदपत्रं वाटतात तेवढी भारी नाहीत, कोणाले आपल्या गावात असं करायचं असेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. आपल्याकडच्या २०१७ च्या दुकान कायद्यानुसार, आम्ही सुरू केलं तेव्हा, दहापेक्षा कमी कामगार असले तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची अन् पावती घ्यायची होती. खायचं सामान विकायचं म्हणून एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन, आम्ही काढलं तेव्हा वर्षाले १०० रुपये. जीएसटी नुसता माल विकणाऱ्याले ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, अन् आपण तर त्याच्या वासालेही नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याले वैधमापनवाल्यांचा शिक्का दरसाल मारून घ्यावा लागते, हे मात्र लोक विसरतात. खुलं तेल विकायले कायद्यानं मनाई आहे, पहिल्या आठवड्यात दोन म्हाताऱ्या बाटल्या घेऊन आल्या, "पावभर दे वं," त्यांले पाऊच देता देता नाकी नऊ आले.

आता अर्धा स्टार कापला तो इथं. दुकान सगळं बचत गटाच्या नावावर आहे, खातं गटाचं, क्यूआर गटाचा, रजिस्ट्रेशन गटाच्या अध्यक्षबाईंच्या नावानं. गटात बाया बारा, पैसे टाकले ६४ घरांनी. म्हणजे उरलेले ५२ घरं कोणत्या कागदावर आहेत? एका लांब वहीच्या पहिल्या दोन पानांवर, निळ्या पेनानं, अन् त्यातल्या एका पानावर चहा सांडला आहे. आज सगळे एक आहेत म्हणून ठीक, उद्या निवडणूक लागली अन् दोन पार्ट्या झाल्या की हेच पान निघेल. मी सांगून सांगून थकलो की १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानं दहा वेगवेगळ्या घरचे दहा लोक असले तरी ग्राहक संस्था रजिस्टर करायले अर्ज करता येते, तालुक्याले सहायक निबंधकाकडे. "पाहू ना जवाई, कापूस होऊन जाऊ द्या." दोन कापूस होऊन गेले.

ग्राहक म्हणून अनुभव कसा, ते सांगतो. सकाळी ७ ते १०, संध्याकाळी ५ ते ८. दुपारी बंद, रागावू नका, दुपारी बसणारीले स्वतःचं शेत आहे. आत गेलं की डाव्या हाताले डबे, डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नावं, अक्षर शाळेतल्या मॅडमचं म्हणून सुंदर. काट्यावर जी बसली असेल तिच्यावर तुमची स्पीड अवलंबून. लहान साळावहिनी बसली असेल तर पाच मिनिटांत मोकळे, मोठी बसली असेल तर आधी तुमच्या आईची तब्येत, मग बहिणीची सोयरीक, मग साखर. एका बाईले मी स्वतः पाह्यलं, पाव किलो साखर मोजताना दाणा दाणा काढून २५० वर आणत होती, न एक ग्राम इकडे न तिकडे. मी म्हटलं मावशी, दोन ग्राम जास्त गेलं तर जाऊ द्या. म्हणे, "माह्या घरची असती तर मूठभर टाकली असती, ही ६४ घरची आहे."

भाव. साखरेत मॉलपेक्षा किलोमागं एक-दोन रुपये जास्त, कारण टेम्पोचं भाडं कुठंतरी बसवावंच लागते. साखर अन् तेलात तसंही दोन-तीन टक्क्यांवर सुटत नाही, कोणत्याही किराणावाल्याले विचारा. कंपनीचा माल एमआरपीनं, वर एक पैसा नाही. अन् हे लिहितो मुद्दाम कारण फाट्यावरच्या एका दुकानात थंड बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा दोन रुपये "कूलिंगचे" घेतात अन् वरून आपल्यालेच येड्यात काढतात. इथं थंड बाटलीच नाही, फ्रिजच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला. दूध, दही, आइस्क्रीम शोधू नका. मे महिन्यात चॉकलेट मागू नका, पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या खोलीत चॉकलेटचं काय होते ते मी पाह्यलं आहे, चमच्यानं खावं लागते.

डाळ मात्र, भाऊ, डाळीसाठी मी नागपूरहून येतो. बाजूच्या गावातल्या गटाकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आहे, तूर गावचीच, पॉलिश नाही काही नाही. दिसायले थोडी मळकट वाटते, शहरातल्या लोकांले पिवळीधम्मक चकचकीत लागते ना, पण शिजली की वास घरभर. पहिल्या वेळी बायकोनं वरण केलं अन् शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, खरं सांगतो. तांदळात एचएमटी अन् जय श्रीराम दोन्ही, सरळ शेतकऱ्याकडून. एचएमटी म्हटलं की लोकांले वाटते कंपनीचा असेल, तर नाही, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्यानं शेतात निवड करत करत तो काढला, अन् नाव पडलं ते त्या काळच्या एचएमटी घड्याळावरून. २०१८ साली वारले ते. दुकानात डब्यावर "दादाजींचा तांदूळ" असं लिहिलं आहे, मले ते फार आवडलं. तिखट भिवापूरकडच्या मिरचीचं, डोळे पुसत पुसत खा. मुगवड्या, सरगुंडे, कुरड्या सीझनमध्ये. हा सगळा माल गावातल्याच बायांचा, दुकान त्यांच्याकडून रोखीनं घेते अन् थोडं वर ठेवून विकते, अन् नफा म्हणाल तर खरा इथंच आहे, साखरेत नाही.

नफ्यावरून आठवलं, खऱ्याचा किस्सा. (आपला खर्रा हो, सुपारी-तंबाखू-चुना घोटून पन्नीत बांधलेला.) गावातल्या टपरीवाल्याले विचाराल तर तो सांगेल की धंदा म्हणजे खर्राच, बाकी सगळं बाजूचं. दुकान सुरू करताना माणसांची एकच अट होती, खर्रा ठेवा, नाहीतर चालणार नाही. बायांनी साफ नाही म्हटलं. कायद्याचं कारण होतंच, गुटखा अन् असला माल महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, अन् शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, शाळा तर भिंतीला भिंत लागून. पण खरं कारण एकीनं मीटिंगमध्ये सांगितलं, सगळ्या माणसांसमोर, पदर तोंडाले लावून नाही, सरळ. म्हणे, "घरी चायपत्तीले पाच रुपये निघत नाही अन् खऱ्याले दिवसाले साठ निघतात, अन् तोच खर्रा आता मी मोजून देऊ का?" कोणी काही बोललं नाही. मीही माझा पन्नीवाला खिसा दाबून बसलो. हिशेबवाला माणूस म्हणून सांगतो, खर्रा ठेवला असता तर दुकान पहिल्या महिन्यापासून फायद्यात असतं. नाही ठेवला म्हणून सातव्या महिन्यात आलं. मले विचाराल तर सात महिने काही जास्त नाही.

उधारी. हा खरा विषय आहे, बाकी सगळं मसाला.

शहरातले लोक म्हणतात उधारी बंद ठेवा, प्रश्न मिटला. अरे बाप्पा, शेतकऱ्याच्या हातात पैसा येते कधी? सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आसपास, कापूस त्याच्यापुढं, तूर आणखी पुढं. जूनमध्ये बी-खतात सगळा पैसा मातीत जाते अन् पोळ्यापर्यंत घर चालते ते उधारीवर. सेठजी उधारी द्यायचे, म्हणून तर ते तीस वर्षं चालले, अन् भाव दोन रुपये जास्त लावायचे, ते व्याजच होतं, फक्त कोणी त्याले व्याज म्हणत नव्हतं. मी सहकाराच्या परीक्षेले, जीडीसीएले, दोनदा बसलो होतो (एकदा नापास, एकदा पास, हसू नका), त्यात इंग्लंडातल्या रॉचडेलचा धडा असते. १८४४ साली २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर, प्रत्येकी एक एक पौंड जमवून दुकान टाकलं, पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ अन् थोड्या मेणबत्त्या एवढाच माल, अन् त्यांचा कडक नियम होता की रोखीनंच. माल शुद्ध, माप खरं, अन् उरलेला नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या हिशेबानं वाटायचा. मी हे मोठ्या थाटात मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एक आजी म्हणे, "त्यांले हप्त्याले पगार भेटे का?" मी म्हटलं, हो, गिरणीत हप्त्याले मजुरी असे. "मंग बरोबर आहे त्याईचं." विषय संपला, जीडीसीए गेलं पाण्यात.

म्हणून इथं मधला रस्ता काढला. ज्यानं ५०० चा हिस्सा टाकला त्याले ५०० पर्यंत उधारी, त्याच्यावर नाही. मजुरीवाल्यांनी शनिवारी, चुकारा झाला की, खातं मोकळं करायचं. शेतीवाल्यांले पोळ्यापर्यंत थोडी ढील, पण पाचशेच्या आतच. दवाखाना अन् मौत याले मर्यादा नाही, ते तिघीजणी मिळून ठरवतात. कागदावर हे सुंदर दिसते, पण सुरुवातीले एक चूक झाली. कोणाकडे किती बाकी ते भिंतीवर लिहून लावलं, म्हणजे लाजेनं देतील. दिले ना, पंधरा घरांनी आठ दिवसांत दिले. अन् एक घर यायचंच बंद झालं. त्या घरची पोरगी ऑटोनं फाट्यावर जाऊन मीठ आणायले लागली, म्हणजे ज्याच्यासाठी दुकान काढलं तेच होऊन राह्यलं. ती यादी त्याच रात्री काढली, पण त्या घरची बाई परत यायले चार महिने लागले, अन् आली तेव्हाही आधी पैसे काउंटरवर ठेवले अन् मग सामान मागितलं. तेव्हापासून वही उघडली की दुसऱ्यांनी मागं सरकायचं असा नियम आहे, एटीएमसारखा.

अन् असंच ते पेमेंटच्या स्पीकरचं. क्यूआरसोबत डबा आला होता, पैसे आले की ओरडते. संध्याकाळी शांत गावात तो "दो सौ पचास रुपये प्राप्त हुए" ओरडला की तिसऱ्या गल्लीत समजे कोणी केवढ्याची खरेदी केली. सासवा सुनांले हिशेब विचारायले लागल्या. आठव्या दिवशी डबा बंद. आता फोनवर मेसेज पाहतात, नेटवर्क असलं तर. नसलं तर वहीत लिहितात.

उंदीर, मुंग्या, पावसाळ्यात गुळाले सुटलेलं पाणी, हरभऱ्यातले किडे, हे सगळ्याच दुकानात असते, लिहीत बसत नाही. कडुनिंबाचा पाला अन् घट्ट झाकणाचे डबे. एकदा माझ्या पोरीले मुदत संपलेला बिस्किटाचा पुडा दिला गेला, महिनाभर जुना, मी परत नेला तर बसलेल्या बाईचा चेहरा एवढासा झाला, तिनं स्वतःच्या पैशानं दुसरा द्यायचा प्रयत्न केला, मी घेतला नाही. त्यानंतर दर एकादशीले सगळ्या तारखा पाहतात. एकादशी का, तर उपास असते, स्वयंपाक कमी, वेळ भेटते. २०२५ च्या सप्टेंबरात २२ तारखेपासून अंगाचा साबण, पेस्ट, शॅम्पू याच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांचा ५ झाला, बिस्किटांचाही, तेव्हा मात्र खरी मजा झाली, जुना माल जुन्या भावात घेतलेला, अन् टीव्ही पाहून आलेली पोट्टी म्हणे, काकू, स्वस्त झालं ना आता? आपल्याकडे जीएसटी नंबर नाही, म्हणजे भरलेला टॅक्स परत भेटायचा सवालच नाही. जुने साबण नव्या भावात विकले, सगळा मिळून आठ-नऊशेचा फटका बसला. कमी माल ठेवायची सवय होती म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आता एक पूर्ण स्टार कुठे गेला ते. पाळ्या.

वहीत नावं सतरा आहेत. बाया अकरा, रिटायर गुरुजी धरून माणसं चार, कॉलेजचे पोरं दोन. पहिले चार महिने एकदम फर्स्ट क्लास, पाळीवरून भांडणं, मले दे मले दे. मग कापूस फुटला. कापूस वेचणी किलोवर असते, जेवढा वेचाल तेवढा पैसा, सकाळी लवकर गेलं तर जास्त होते, अन् वर्षातून तेवढेच दिवस बाईच्या स्वतःच्या हातात रोकड येते. आता तिनं वेचणी सोडून फुकटात काट्यावर बसावं का? मी तर म्हणेन नाही बसावं. नोव्हेंबरात एका महिन्यात नऊ वेळा शटर उघडलंच नाही. लोक येऊन परत गेले, अन् परत गेलेला गिऱ्हाईक दोन वेळा परत गेला की तिसऱ्यांदा सरळ फाट्यावर जाते. गुरुजी एकटे पडले, सकाळ-संध्याकाळ दोन्ही, त्यांले ताप आला. ते दोन कॉलेजवाले पोट्टे परीक्षा आहे म्हणून गायब, परीक्षा मार्चमध्ये होती. अन् माणसांनी काय काम घेतलं होतं माहीत आहे? हिशेब तपासणी. महिन्यातून एकदा, खुर्चीवर, चहा घेऊन.

सेवा सेवा म्हणतात ते ठीक आहे, पण सेवा ज्याच्या घरी दोन वेळची सोय आहे त्याले परवडते. इंग्लंडमध्ये खेड्यात अशी गावकऱ्यांची दुकानं शेकड्यानं आहेत असं वाचलं, पण तिथं बसणारे पुष्कळसे पेन्शनवाले, अन् तरी बऱ्याच ठिकाणी एखादा मॅनेजर पगारावर ठेवतात. आपल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून वेगळी युक्ती केली, दुकानच नाही, आसपासच्या घरांचा गट करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल एकदम येते, वाटून घ्यायचा. म्हणजे रोज शटर उघडायची भानगडच नाही. मी हेही सुचवलं. पण महिन्याची यादी तो करेल ज्याच्याकडे महिन्याचा पैसा एकदम आहे. पाच रुपयांची चायपत्ती रोज नेणारीची यादी कशी करणार?

शेवटी गेल्या हंगामात ठरलं ते असं, कापसाच्या अन् पेरणीच्या महिन्यात एकच पाळी, संध्याकाळची, अन् बसणारीले दिवसाचे ऐंशी रुपये, नफ्यातून. यावर पुन्हा वाद, मग ती सेवा कशी, मग आम्ही आधी फुकट बसलो ते काय येडे होतो. मोठ्या साळावहिनीनं मिटवलं, म्हणे ज्याले घ्यायचे त्यानं घ्या, ज्याले नाही घ्यायचे त्याच्या खात्यात जमा होतील, उधारीत वळते होतील. गुरुजी घेत नाहीत. बाकी सगळ्या घेतात, अन् घेतात ते बरं करतात, कारण या वर्षी नोव्हेंबरात फक्त दोन दिवस बंद होतं, त्यातला एक दिवस गावात मयत होती. हेच आणखी एक वर्ष टिकलं तर कापलेला स्टार परत देईन, लिहून ठेवा.

जायचं असेल अन् गाव शोधून काढलंच, तर संध्याकाळी जा, सकाळी शाळेच्या पोरांची गर्दी असते. कापडी थैली न्या, पन्नी भेटणार नाही. तूरडाळ माणशी दोन किलोच्या वर मागू नका, देणार नाहीत, अन् माझं नाव सांगितलं तर एकच किलो देतील. जवसाची चटणी असली तर एक डबी घ्या, दुसरी राहू द्या. पुढच्या रविवारी सकाळी ७ ते १० माझीच पाळी आहे, जवायाले कामाले लावत नाही वगैरे ते सगळं पहिल्या वर्षी होतं. चिल्लर घेऊन या, पाचशेची नोट घेऊन उभे राहू नका, गल्ल्यात मोड नसते.